टोकन न टाकता पडणारं क्रेडिट

लातूरच्या एका गेम पार्लरमधून एप्रिलात 'मुस्तफा' नावाच्या व्हिडिओ गेमबद्दल तक्रार आली ती अशी : "मुस्तफाचं मशीन फुकट क्रेडिट द्यायलंय. लेकरं गॅसचा लायटर मारायलेत. एकाला पकडून हाकललंय, तरी थांबंना." हाकललेला मुलगा बारा-तेरा वर्षांचा होता आणि त्याच्याकडे लायटर सापडला नव्हता.

मालकांचा संशय अगदीच हवेतला नव्हता. शेगडीच्या लायटरची ठिणगी टोकनच्या फटीजवळ मारली की क्रेडिट, म्हणजे एक डाव खेळायची मुभा, पडतं, ही युक्ती जुन्या पार्लरवाल्यांना पाठ आहे. ठिणगी हजारो व्होल्टची, पण क्षणापुरती. तिचा धक्का कॉइन अॅक्सेप्टरच्या, म्हणजे टोकन ओळखणाऱ्या भागाच्या, सर्किटला बसतो आणि टोकन आत आल्यासारखा सिग्नल तो गेमच्या बोर्डाला पाठवतो. पण तशी ठिणगी लायटरशिवायही पडू शकते, म्हणून आधी मशीन उघडायचं ठरवलं.

मोबाइलवरच्या कुठल्याही झटपट खेळाला हल्ली आर्केड म्हणतात. आमच्या मशीन-दुरुस्तीच्या कामात मात्र आर्केड गेम म्हणजे सार्वजनिक जागी ठेवलेलं, नाणं किंवा टोकन टाकून चालणारं मशीन. मग ते व्हिडिओ गेम असो, पिनबॉल असो की खेळणं उचलणारा पंजा. घरच्या गेममध्ये जे नसतंच ते म्हणजे कॉइनची लाइन (नाणं पडल्याचा सिग्नल बोर्डापर्यंत नेणारी तार), आणि धंदा तिच्यावरच उभा असतो. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका बारमध्ये अटारीचं पहिलं 'पाँग' बंद पडलं, तेव्हा ते बनवणाऱ्या अॅलन अल्कॉर्नला उघडल्यावर दिसलं की गल्ला नाण्यांनी तुडुंब भरला होता. तिथेही अडलं होतं ते नाण्यापाशीच.

आपल्याकडे नाणी सोडून टोकन आले त्याला कारण आहे. १९९२ च्या मालिकेतला रुपया २५ मिलिमीटरचा, २०११ चा २२ चा, २०१९ चा २० चा. साध्या कम्पॅरेटर अॅक्सेप्टरमध्ये एक नमुना अडकवलेला असतो. आत पडणारं नाणं त्या नमुन्याशी जुळलं तरच सिग्नल निघतो. तीन मापांचे रुपये त्याला कळणार कसे?

'मुस्तफा' म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. इथला बोर्ड डुप्लिकेट होता, पण जोडणी प्रमाण जॅमा पद्धतीची : ५६ पिनांचा कनेक्टर, कॉइनची लाइन १६ नंबरला, ग्राउंड १, २, २७, २८ वर. बोर्डाच्या कडेवर मोजले तर ५.०२ व्होल्ट. (हे माप पॉवर सप्लायवर घेऊन उपयोग नाही, वायरमध्ये व्होल्ट पडतात.) म्हणजे सप्लाय ठीक होता.

कॉइनची लाइन एरवी ५ व्होल्टवर असते. टोकन पडलं की अॅक्सेप्टर ती काही मिलिसेकंद ग्राउंडला जोडतो. इतका छोटा पल्स मल्टिमीटरच्या काट्याला किंवा आकड्याला पकडता येत नाही. त्यासाठी एक एलईडी आणि ४७० ओहमचा रेझिस्टर पुरतो : एलईडीचं लांब टोक ५ व्होल्टला, आखूड टोक रेझिस्टरमधून १६ नंबरला. लाइन खाली गेली की एलईडी लुकलुकतो. हे लावून मशीन तसंच चालू ठेवलं. दुपारी गर्दीत टोकन न पडताच एलईडी लुकलुकला. अॅक्सेप्टरचा प्लग काढून ठेवला, तर पुढे एकदाही नाही. म्हणजे बोर्ड निर्दोष. खोटा पल्स अॅक्सेप्टरमधूनच येत होता.

तो केव्हा येतो, हे बघण्यासारखं होतं. रेग्झिनच्या स्टुलावर बसलेला मुलगा उठतो, पायाखाली प्लास्टिकची चटई, अंगात टेरिकॉट. टोकन फटीला टेकवतो आणि 'टिक्' असा बारीक आवाज येतो. कधी टोकन आत जायच्या आधीच क्रेडिट पडतं, कधी एका टोकनात दोन. कूलरसमोरचं दुसरं मशीन मात्र व्यवस्थित होतं. कूलरच्या दमट हवेत अंगावर स्थिर वीज साठत नाही. बाकीच्या खोलीत एप्रिलातली कोरडी हवा. त्या मुलाने चोरी केली नव्हती. स्टुलावरून उठून त्याने मशीनच्या, टोकनची फट असलेल्या दाराला हात लावला होता, बस. मालकांना दोनदा उठून-टेकून करून दाखवल्यावर ते गप्पच झाले, आणि संध्याकाळी त्यांनी मुलाच्या घरी निरोप धाडला.

ही ठिणगी जमिनीत जायला हवी, ती अॅक्सेप्टरमध्ये का शिरत होती? कॅबिनेटला तीन पिनी प्लग होता, पण तो ज्या एक्स्टेन्शन बोर्डात होता तो दोन तारी वायरीचा. अर्थचं भोक नुसतंच. अर्थ नसली की पॉवर सप्लायच्या फिल्टरमधले कपॅसिटर मशीनच्या पत्र्यावर साधारण निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब आणून ठेवतात. करंट अगदी कमी, पण झिणझिण्या येतात. मुलं "पॅनल चावायलंय" म्हणत होती ते हेच.

दुसरी खोड दाराची. लोखंडी दार बिजागरीवर टांगलेलं, पण बिजागरीखाली पावडर कोटिंगचा थर. दार आणि चौकट यांच्यात मीटर कधी बीप देई, कधी नाही. कोटिंग खरवडून, दातेरी वॉशर घालून दोन्हींमध्ये विणलेल्या तांब्याची पट्टी बसवली, कॅबिनेटची अर्थ तिथपर्यंत आणली. तीन तारी नवा एक्स्टेन्शन बोर्ड लावला. क्रेडिटची तक्रार इथेच मिटली.

काम मात्र मिटलं नव्हतं. दुकानाची अर्थच तपासली. फेज आणि अर्थ यांच्यात १०० वॉटचा बल्ब लावला, तर २३० व्होल्टचे बल्बवर १९० च उरले. ४० व्होल्ट अर्थमध्ये पडतात, करंट ०.४ अँपिअरच्या जवळ, म्हणजे अर्थचा रोध सुमारे १०० ओहम. (ही चाचणी करताना कुणी कुठल्याही पत्र्याला हात लावायचा नाही, अर्थ टेस्टर असेल तर तोच वापरावा.) स्थिर वीज जिरवायला १०० ओहमही चालतात. पण उद्या फेजची वायर घासून पत्र्याला लागली, तर करंट वाहील फक्त २.३ अँपिअर. ६ अँपिअरचा एमसीबी जागचा हलणार नाही आणि पॅनल जिवंत राहील, तेही लेकरांच्या हाताखाली. मला फुकट क्रेडिटपेक्षा याची जास्त धास्ती वाटली.

कारण मागच्या अंगणातल्या अर्थच्या खड्ड्यात होतं. आपली काळी माती ओली असताना अर्थला उत्तम, पण उन्हाळ्यात ती आकसते, भेगाळते आणि पाइपापासून सुटते. २०१६ मध्ये ज्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे अर्थच्या खड्ड्यात बादली ओता म्हणणं जड जातं. म्हणून कूलर धुतल्यावर टाकून देतात ते पाणी तिकडे वळवलं. पाइपाभोवती कोळसा आणि मीठ नव्याने भरलं. पाणी मुरल्यावर बल्बवर २२० च्या पुढे व्होल्ट आले. शिवाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की लाइन तोडणारा स्विच, बसवला. अर्थ कमकुवत असली तरी तो गळती पकडतो.

हीच मशीनं मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेला जातात तेव्हा जनरेटरवर चालतात. तिथे आरसीसीबीच्या भरवशावर राहू नये. जनरेटरचा न्यूट्रल अर्थ केलेला नसेल तर गळतीचा करंट परतायला वाट नसते आणि आरसीसीबी पडत नाही. जनरेटरपाशी सळई ठोकून न्यूट्रल आणि बॉडी तिला बांधायची, तिथून तिसरी तार प्रत्येक मशीनपर्यंत न्यायची, आणि लाइन सुरू झाल्यावर आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून, शिवाय एका मशीनच्या सॉकेटमधून फेज ते अर्थ बल्ब लावून तो खरंच पडतो का हे बघायचं.