पॅसेक नदीतला दगडी व्ही आणि आईचे चढणीचे मासे

एप्रिलमध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा घंटा काही दिसलं नाही. नदी दुथडी भरलेली, वरून पाऊस, बूट चिखलात, आणि ज्या दगडांसाठी न्यू जर्सीतल्या एडिसनहून तासभर गाडी मारली ते सगळे पाण्याखाली. चूक माझीच, लेनापे या अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांनी मासे धरायला घातलेला हा दगडी बांध पाणी उतरल्यावरच दिसतो एवढं तरी आधी बघायला हवं होतं.

सप्टेंबरमध्ये आई चिपळूणहून आली होती, म्हटलं चल, परत जाऊ. "दगड बघायला एवढ्या लांब? आपल्याकडे काय दगड नाहीत?" वगैरे झालं, पण डबा घेऊन बसली गाडीत.

जागा फेअर लॉन आणि पॅटर्सनच्या मधली. मूळची लेनापे लोकांची भूमी, आजचं अख्खं न्यू जर्सी त्यांचंच. काठावरून पहिल्यांदा नुसती खळखळ वाटते, मग नजर बसली की दोन्ही काठांकडून तिरक्या निघालेल्या फेसाच्या दोन रेघा दिसायला लागतात, मधे नदीत एकत्र येणाऱ्या, टोक प्रवाहाच्या दिशेने. मोठा व्ही. डच लोक आले तेव्हा त्यांनी इथल्या वस्तीला नावच स्लोटरडॅम पाडलं, ते या बांधावरूनच.

आता गंमत अशी की मासे वर चढतात आणि बांधाचं टोक खाली. मलाही आधी कळेना. वसंतात समुद्रातून शॅड नावाचा मासा अंडी घालायला नदीत चढतो, लेनापे त्याला वर जाऊ द्यायचे आणि मग वरून खाली हाकलायचे! १८व्या शतकातल्या मोरेव्हियन पंथाच्या ख्रिस्ती मिशनऱ्यांनी हे सगळं लिहून ठेवलंय. रानद्राक्षाच्या वेली पिळून नदीच्या रुंदीएवढा दोर करायचा, त्याला थोड्या थोड्या अंतरावर सहा-सहा फुटांच्या फांद्या बांधायच्या, आणि बांधाच्या मैलभर वरून तो दोर हळूहळू खाली आणायचा, दोन टोकांना माणसं, मधे बुडू नये म्हणून लाकडी बेचक्यांनी उचलून धरणारे आणखी काही जण. फांद्यांना घाबरून मासे पुढे पुढे पळतात, बांध चिंचोळा होत जातो, त्याच्या दोन्ही हातांवर उभे असलेले लोक काठ्या आपटत बोंबलतायत, आणि टोकाशी भोकं पाडलेली मोठी पेटी. पाणी गळून जातं, मासे राहतात. अर्ध्या दिवसात हजाराच्या वर. सगळं गाव कामाला, आणि निम्मं काम नदीच करते.

आई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "अरे म्हणजे हे चढणीचे मासेच की." बरोब्बर! पहिल्या पावसात ओढ्याला उलटे चढणारे मासे धरायला तिचे भाऊ कंदील घेऊन जायचे, ती गोष्ट मी शंभर वेळा ऐकलीये, एकशे एकाव्यांदा पॅसेकच्या काठावर ऐकली.

जाळीही होती बरं का. इंडियन हेम्प म्हणून एक रानटी झुडूप आहे (भांगेशी काही संबंध नाही, उगाच खूश होऊ नका), त्याच्या सालीचा धागा वळून जाळी विणायची आणि बुडायला दोन्ही बाजूंनी खाच पाडलेले चपटे दगड बांधायचे. धागा कधीच कुजला, दगड अजून शेतात सापडतात.

इथे आता शॅड येत नाही. खाली १८६०च्या सुमारास डंडी धरण झालं, रस्ताच बंद. डेलावेअर नदीच्या मुख्य प्रवाहावर मात्र धरण नाही, तिथे अजून चढतो. चढणारे मासे थांबले, आणि बांधणारे लोकही इथून हुसकले गेले, पिढ्यानपिढ्या पश्चिमेकडे ढकलत ढकलत आज बरेचसे ओक्लाहोमात, काही विस्कॉन्सिन आणि कॅनडात. हेकवेल्डर नावाच्या मिशनऱ्याने नोंदवलंय की समुद्राजवळ राहायचे तेव्हा मार्चला ते शॅडचा महिना म्हणायचे. आत सरकल्यावर तिथे शॅडच नाही, मग त्याच महिन्याचं नाव मेपलचा रस झरण्यावरून पडलं. हे मी आईला सांगितलं, ती काही बोलली नाही, डब्यातली पोळी पुढे केली.

परतताना पॅटर्सनमध्ये बांगलादेशी दुकानात शिरलो, तिथे त्यांची वस्ती मोठी आहे. फ्रीझरमध्ये लाकडासारखे कडक हिलसा. आईने एक उचलून उलटापालटा केला, "हा तर पाला!" शॅडचा चुलतभाऊच म्हणायचा, काटे तेवढेच. घरी तळला, आई काटे काढून माझ्या ताटात टाकत होती, मी अडतीस वर्षांचा. "ताजा नाहीये," म्हणाली. मग एप्रिलपर्यंत थांब म्हटलं, लँबर्टव्हिलला डेलावेअरवरचा शॅड खाऊ घालतो. तिकीट ऑक्टोबरचं आहे, पुढे ढकलायला किती पडतील ते बघतोय.