सागवानी टेबल, ८० नंबरचा पेपर आणि माझी घाई

आमच्याकडे दोन ड्रॉवरचं एक सागवानी टेबल आहे. घर बदललं तेव्हा आत जागा झाली नाही म्हणून ते बाल्कनीत गेलं आणि तात्पुरतं म्हणता म्हणता तीन वर्षं तिथेच पडून राहिलं. वरचा तक्ता उन्हापावसाने पार राखाडी झाला, लोखंडी कुंडीस्टँड ठेवला होता तिथे काळाकुट्ट गोल उमटला, आणि बाजूच्या फळ्या सावलीत होत्या म्हणून त्यांचं पॉलिश शाबूत होतं पण दमटपणाने त्यावर पांढरट ढग आल्यासारखं झालेलं. मला वाटलं काय मोठंसं, घासायचं, पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) मारायचं, रविवार संध्याकाळपर्यंत विषय संपला. एकोणीस दिवस लागले.

पहिली चूक पहिल्याच दहा मिनिटांत. सँडिंग मशीनला ८० नंबरचा खरखरीत पॉलिश पेपर लावला आणि सोपी म्हणून बाजूच्या फळीपासून सुरुवात केली. जरा वेळात कडेला लालसर काहीतरी दिसायला लागलं, मला वाटलं वा, सागाचा खरा रंग निघतोय! तो प्लाय होता. तक्ता आणि पाय भरीव सागाचे, पण बाजूच्या फळ्या म्हणजे प्लायवर चिकटवलेलं व्हिनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पापुद्रा, आणि ते एवढं पातळ असतं की ८० नंबरपुढे त्याचा काय टिकाव लागणार. (फळीची कड नीट बघितली असती तर थर दिसले असते. नाही बघितली.)

मशीनचा आवाज ऐकून खालच्या मजल्यावरचे काका वर आले, सगळी हयात सुतारकामात गेलेली त्यांची. फळीकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "ताई, आधी बघा तरी त्यावर काय लावलंय ते." मग कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून ड्रॉवरच्या आतल्या कडेला, जिथे कोणाला दिसणार नाही तिथे, थोडा वेळ दाबून धरला आणि उचलला तर बोट चिकटायला लागलं. म्हणजे चपडी, स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, तेच फ्रेंच पॉलिश. स्पिरिटने काही झालं नसतं आणि थिनरने विरघळलं असतं तर लॅकर, आणि दोन्हींना दाद दिली नसती तर पीयू किंवा मेलामाइन, हे सगळे पॉलिशचेच प्रकार. एवढी साधी तपासणी, आणि यावरच पुढचं सगळं ठरतं, कारण चपडी खरवडून काढायची गरजच नसते. तिचा नवा हात जुन्या थराला थोडं विरघळवून त्यात मिसळून जातो.

तर बाजूचे ते पांढरे ढग घासायचेच नव्हते. काकांनी सांगितलं की पांढरा डाग म्हणजे पाणी पॉलिशमध्ये अडकलेलं असतं आणि काळा डाग असेल तर तो लाकडातच उतरलेला असतो. जुन्या सुती कापडात कापूस बांधून गोळा केला, स्पिरिटने जेमतेम ओलसर, आणि न थांबता हलक्या हाताने फिरवला. थांबलात की गोळा तिथेच चिकटतो आणि पॉलिश ओरबाडून निघतं, हे मी एकदा करून बघितलंय. ढग गेले, वर पातळ चपडीचे चार हात दिले आणि त्या फळ्या खरंच तक्त्याच्या आधी तयार झाल्या.

तक्त्याने मात्र घाम काढला. राखाडी रंग म्हणजे उन्हाने लाकडाचा वरचा थर खराब झालेला असतो, आत साग ठणठणीत असतो, त्यामुळे त्याची भीती नव्हती, भीती होती त्या काळ्या गोलाची. लोखंड, पाणी आणि लाकडातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य एकत्र आलं की असा डाग पडतो आणि तो घासून घासून काढायला गेलं तर तक्त्याला खड्डा पडेल. त्याला ऑक्झॅलिक अॅसिड. हातमोजे, चष्मा, प्लास्टिकचं भांडं, कोमट पाणी. नुसत्या डागावर न लावता पूर्ण तक्त्याला लावलं, नाहीतर तेवढाच गोल उजळ दिसला असता. वीसेक मिनिटांनी काळ्याचा फिकट तपकिरी झाला, दुसऱ्या वेळी जवळजवळ गेलाच. नंतर भरपूर पाण्याने धुवायचं, कारण अॅसिडची पावडर लाकडात राहिली तर पुढे घासताना तीच नाकात जाते. आणि लोखंडी तारेची घासणी अजिबात नको, तिचे बारीक कण लाकडात अडकतात आणि ओल लागली की पुन्हा काळे ठिपके.

चार दिवस वाळवून मग १२०, १८०, २२० असे पेपर, सगळे रेषांच्या दिशेने. सागात सिलिका (वाळूत असते तीच) असते त्यामुळे पेपर लवकर बोथट होतो, मोजून आणलेले पुरले नाहीत. मास्क लावाच, मला मनगटावर पुरळ आलं होतं त्या धुळीने.

आणि मग मी मोठ्या उत्साहात पीयूचा पहिला हात मारला आणि तो दोन दिवस झाले तरी चिकटच! हवा दमट आहे म्हणून पंखा लावून बसले, पण कारण सागच होता. सागात मुळात तेल असतं, त्याच तेलाने तो पाण्याला आणि किडीला पुरून उरतो, आणि तेच तेल पॉलिशला नीट सुकू देत नाही की धरू देत नाही. सगळं थिनरने पुसून काढलं, परत घासलं, आणि या वेळी पांढरं कापड थिनरमध्ये भिजवून तक्ता पुसला तर कापड पिवळं-तपकिरी. कापड स्वच्छ निघेपर्यंत पुसलं आणि सुकल्या सुकल्या लगेच पातळ चपडीचा एक हात दिला म्हणजे आतलं तेल वर यायला नको. इथे एक गोम आहे, चपडीत मेण असतं आणि मेणावर पीयू धरत नाही, म्हणून स्पिरिटमध्ये भिजवलेली चपडी न हलवता ठेवून खाली गाळ बसू द्यायचा आणि वरचं निवळ तेवढंच घ्यायचं.

त्यावर पीयूचे तीन पातळ हात, मध्ये ३२० नंबरच्या पेपरने हलकं घासणं. तक्त्याच्या खालच्या बाजूलाही दोन मारले, नाहीतर एकाच बाजूने ओल आत-बाहेर करते आणि फळी वाकते. कापडं बोळा करून डब्यात टाकली नाहीत, पसरून वाळवली. तेलाचं पॉलिश लागलेला बोळा सुकताना आपोआप तापतो आणि पेट घेऊ शकतो, मला हे आधी खोटंच वाटायचं.

टेबल आता आत आहे, खिडकीपासून लांब. तक्त्याला ओलं फडकं चालतं, बाजूच्या फळ्यांना नाही, तिथे चपडी आहे त्यामुळे कोरडंच, आणि सॅनिटायझरची बाटली तर त्याच्या आसपासही नको कारण त्यात अल्कोहोल. चकाकीचा सिलिकॉनवाला स्प्रे पण बंद केला, उद्या परत हात मारायची वेळ आली तर पॉलिश त्या जागी फाटतं, माशाच्या डोळ्यासारखे गोल पडतात. पीयू हाताला सुकलं म्हणून मी तिसऱ्याच दिवशी जाड रजिस्टर ठेवलं होतं, त्याच्या कव्हरची जाळी एका कोपऱ्यात उमटलीय. प्लाय दिसणाऱ्या कडेला काकांनी रंगाची पावडर चपडीत कालवून बारीक ब्रशने रेषा ओढून दिल्या. ती बाजू भिंतीकडे केलीय.