आमची वाटचाल : पोत्यात काय आहे ते पोत्यावरच लिहिलंय

आम्ही लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात राहतो, साडेतीन एकर कोरडवाहू शेती आणि शेळ्यांचं खाद्य बनवून विकायचा छोटा धंदा. मी, माझे मिस्टर, सासूबाई आणि काम जास्त असलं की गल्लीतल्या दोन बायका मदतीला, एवढीच आमची फर्म. बरेच जण फोनवर विचारतात की ताई सुरुवात कशी केली आणि घरी खाद्य बनवायचं तर नेमकं काय काय घालायचं, म्हणून म्हणलं एकदा सगळंच बैजवार लिहून काढावं.

2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं हे सगळ्या महाराष्ट्राला माहीतच आहे. ती गाडी शहरासाठी होती, आमच्या गावाला टँकर. त्या उन्हाळ्यात दावणीची म्हैस विकली कारण तिला कडबा पण नाही आणि पाणी पण नाही, आणि सासूबाईंनी त्यातल्याच पैशातून चार उस्मानाबादी शेळ्या घ्यायला लावल्या. त्या म्हणल्या, "अगं, म्हशीला भारा लागतो, शेळी बाभळीच्या शेंगांवर पण दिवस काढती." खरंच काढले त्यांनी. उस्मानाबादी ही आपल्या भागातलीच जात, काळी, काटक, बऱ्याचदा जुळी देणारी, त्यामुळं दोन वर्षांत चाराच्या पंचवीसवर गेल्या.

पण पंचवीस शेळ्या चरायला न्यायच्या कुठं हा प्रश्न आला. आमच्याकडं आता सगळीकडं सोयाबीन आणि बांधावर तणनाशक, फवारलेल्या बांधावर शेळी सोडायची भीतीच वाटते. मग अर्धबंदिस्त केलं, सकाळी दोन-तीन तास बाहेर आणि बाकी वेळ गोठ्यात, आणि बाजारातून खाद्याचं पोतं आणायला लागलो. ते पोतं असायचं दुभत्या जनावरांचं. त्यावर प्रोटीन इतके टक्के, फॅट इतके टक्के एवढंच छापलेलं, आत काय आहे ते कुठंच नाही. मी दुकानदाराला विचारलं की यात काय असतं, तर तो म्हणला सगळं चांगलंच असतं. नंतर समजलं की मोठ्या जनावरांच्या काही खाद्यात युरिया असतो, रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराच्या पोटात तो ठराविक मापात चालतो पण लहान करडाचं पोट तेवढं तयारच झालेलं नसतं, आणि मी तेच पोतं करडांपुढं पण टाकत होते! कुणी सांगणारच नव्हतं.

मग पैसे वाचवायला म्हणून मी घरीच सुरू केलं, मक्याचा भरडा आणि गव्हाचा भुसा, म्हणजे गव्हाचा कोंडा, बास दोनच गोष्टी. भुसा स्वस्त, शेळ्या आवडीनं खातात, बोकडांच्या अंगावर तकाकी यायला लागली. 2018 ची बकरी ईद ऑगस्टात होती, तिच्यासाठी तीन बोकड खास बांधून ठेवलेले आणि त्यांना तर घमेलं भरभरून देत होते. ईदला पंधरा दिवस राहिलेले आणि त्यातला सगळ्यात मोठा बोकड सकाळी पाठ ताणून उभा, लघवीला जोर करतोय, थेंब थेंब येतोय, दात खातोय, ओरडतोय. आम्हाला वाटलं पोट फुगलंय म्हणून गोडेतेल पाजलं. डॉक्टर संध्याकाळी आले, बघितल्या बघितल्या म्हणले मुतखडा. बोकडाच्या मूत्रनळीच्या टोकाला अगदी बारीक शेपटीसारखा भाग असतो, तिथं खडा अडकतो, शेळीची नळी रुंद आणि आखूड म्हणून तिला हा त्रास सहसा होत नाही. रात्री तो गेला. दुसऱ्याला पण तसंच सुरू झालेलं, तो औषधपाण्यानं वाचला.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी गोठ्यात बसून समजावून सांगितलं की भुश्यात आणि धान्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट पाहिजे, मी बरोब्बर उलटं करत होते. त्यात मीठ नाही, म्हणून पाणी पिणं कमी, म्हणून लघवी घट्ट. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की खाद्य म्हणजे पोट भरणं नाही, त्यात हिशोब आहे. त्या बोकडाचं आजही वाईट वाटतं, लेकराच्या हातानं चारा खायचा तो.

मग मी कृषी विज्ञान केंद्रात शेळीपालनाचं ट्रेनिंग केलं. तिथं एक चौकोन शिकवला, पिअर्सनचा चौकोन म्हणतात त्याला, शाळेतल्या गणितापेक्षा सोपा आहे. समजा मक्यात प्रोटीन 9 टक्के, शेंगदाणा पेंडीत 40 टक्के, आणि आपल्याला पाहिजे 16. मग 40 वजा 16 म्हणजे 24 भाग मका आणि 16 वजा 9 म्हणजे 7 भाग पेंड. एकूण 31 भागात 24 मका, म्हणजे शंभर किलोत साधारण 77 किलो मका आणि 23 किलो पेंड. अर्थात एवढा मका शेळीला घालायचा नसतो, पोटात आम्ल वाढतं, म्हणून मक्यातला बराच भाग काढून चुनी (डाळ मिलमध्ये निघणारा डाळीचा चुरा आणि टरफलं) आणि भुसा घालायचा. पण हिशोब कसा मांडायचा ते त्या चौकोनानं कळलं आणि मी वही घातली. ती वही अजून आहे, तिच्यावर पेंडीचे तेलकट डाग पडलेत.

आता आम्ही मोठ्या शेळ्यांसाठी शंभर किलोला हे घालतो: मका भरडा 40 किलो, तूर किंवा हरभऱ्याची चुनी 20, शेंगदाणा पेंड 20, गव्हाचा भुसा 17, मिनरल मिक्श्चर (खनिजांची पावडर) 2 आणि मीठ 1. यात प्रोटीन साधारण 17 टक्के बसतं. बोकडांच्या खाद्यात भुसा कमी करून चुनखडीची पावडर एक किलो घालतो. त्या ऑगस्टनंतर आमच्या गोठ्यात एकाही बोकडाला मुतखडा झालेला नाही. करडांना पेंड थोडी जास्त आणि भरडा बारीक, दोन-तीन आठवड्यांची झाली की चिमूटभर चाटायला ठेवायचं, महिन्याची झाली की दिवसाला पन्नास ग्रॅमपर्यंत न्यायचं.

चुनीचं एक सांगते. लातूर म्हणजे डाळ मिलचं गाव, तूर आणि हरभऱ्याची चुनी इथं ताजी मिळते, दुसऱ्या जिल्ह्यातल्या लोकांना ती लांबून आणावी लागते. म्हणून माझा फॉर्म्युला जसाच्या तसा उचलू नका, तुमच्याजवळ काय स्वस्त आणि ताजं मिळतंय ते बघा आणि त्याच्यावर चौकोन मांडा. सोयाबीन पट्टा असेल तर सोयापेंड घ्या, पण कच्चं सोयाबीन दळून घालू नका, लहान करडांना ते पचत नाही आणि खाद्यात युरिया असेल तर जास्तच घात होतो.

मिसळायला मशीन लागत नाही. आम्ही दोन वर्षं ताडपत्रीवर फावड्यानंच मिसळलं. फक्त मिनरल आणि मीठ एकदम ढिगावर टाकायचं नाही, आधी पाच किलो भुश्यात ते चांगलं चोळून घ्यायचं आणि मग तो भुसा सगळ्या ढिगावर पसरून तीन-चार वेळा खालवर करायचं, नाहीतर एका शेळीला मिनरलचा गोळा आणि दुसरीला काहीच नाही. आणि पीठ करायचं नाही! भरडा म्हणजे भरडाच, पिठानं शेळ्या शिंकतात, नाकातोंडात जातं, निम्मं गव्हाणीत चिकटून राहतं. थोडं गुळाचं पाणी शिंपडलं की धूळ बसते, पण पाणी मारलेलं खाद्य त्याच दिवशी संपवायचं.

आणि खाद्य म्हणजे जेवण नाही हो, ते जेवणासोबतचं आहे. मोठ्या शेळीला दिवसाला पाव किलोच्या आसपास, गाभण असली तर शेवटच्या दीड महिन्यात अजून तेवढंच वाढवायचं. बाकी पोट भरायचं ते पाल्यानं आणि वाळल्या चाऱ्यानं. तुरीचं भुसकट आमच्या शेळ्या जीव टाकून खातात, कडब्याची जाड धांडं तशीच राहतात. सुबाभूळ, शेवरी, हादगा बांधावर लावलाय, सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर नको. नवीन खाद्य आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवायचं, एकदम नाही, आणि पावसाळ्याच्या आधी आंत्रविषाराची लस चुकवायची नाही, कारण भरपूर दाणा खाणारी तगडी शेळीच त्यात आधी जाते.

धंदा सुरू झाला तो 2020 च्या लॉकडाऊनमध्ये. बाजार बंद, खाद्याची गाडी येईना, आणि आमच्या घरी ताडपत्रीवर खाद्य तयार. आधी बचत गटातल्या दोघी घमेलं घेऊन आल्या, मग शेजारच्या वाडीवरून मोटारसायकलवर पोतं न्यायला लोक यायला लागले. मी किलोमागं मजुरीपुरते पैसे घ्यायचे. मिस्टर म्हणले हे असं हातानं कुठवर, तेव्हा 2021 ला मुद्रातून किशोर गटातलं कर्ज काढलं, पाच एचपीची भरडा मशीन आणि एक मिक्सरचा ड्रम घेतला. थ्री फेज लाईट आमच्याकडं कधी दिवसा असते कधी रात्री, त्यामुळं कितीतरी रात्री दोन वाजता उठून भरडा काढलाय, सासूबाई कंदील धरून पोत्याचं तोंड शिवायच्या.

त्याच वर्षी सोयापेंडीचे भाव असे चढले की शेवटी सरकारनं ऑगस्टमध्ये 12 लाख टन पेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. आमची गंमत बघा, आमच्याच शेतात सोयाबीन उभं, भाव वाढला की घरात आनंद, आणि शेडमध्ये मात्र पेंड परवडेना. तेव्हाच सोयापेंड सोडून शेंगदाणा पेंड आणि चुनीवर आलो ते आजपर्यंत.

सगळ्यात मोठा फटका 2022 च्या पावसाळ्यात बसला. एका व्यापाऱ्याकडून स्वस्त म्हणून दहा क्विंटल मका घेतला, वरची पोती कोरडी, आतली ओलसर. मी चार पोत्यांत हात घालून बघितला आणि बाकी विश्वासावर घेतला. आठवड्यात आतून गरम लागायला लागला, निळसर बुरशी. तोवर त्यातल्या तीन क्विंटलचं खाद्य लोकांकडं गेलेलं. आम्ही दोघांनी रात्रीतून सगळ्यांना फोन केले, की घालू नका, आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो करून एकूण एक पोतं परत आणलं, पैसे परत दिले आणि सगळा माल खड्ड्यात पुरला. वाळवून खपवा म्हणणारे पण भेटले. बुरशीचं विष उन्हानं पूर्ण जात नाही, भाजून पूर्ण जात नाही, ते लिव्हरला धरतं आणि दुधातून पण येतं. एका ताईची गाभण शेळी गाभडली, त्यामुळंच गाभडली का ते कुणी सांगू शकत नाही, पण मी तिला माझ्या गोठ्यातली पाट, म्हणजे तरुण शेळी, नेऊन दिली. कर्जाचे दोन हप्ते थकले त्या वर्षी.

तेव्हापासून मका दाताखाली फोडून बघते, कडक आवाज करून फुटला तरच घ्यायचा, आणि प्रत्येक पोत्यात हात घालायचा, फक्त वरच्या नाही. ओलावा मोजायचं छोटं मशीन पण घेतलं, 12 च्या वर दाखवलं तर गाडी परत. खाद्याची पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांच्या वर माल ठेवतच नाही.

मक्यापासून इथेनॉल करायला लागल्यावर मका महाग झाला, आणि त्या कारखान्यातला चोथा, डीडीजीएस म्हणतात तो, स्वस्तात यायला लागलाय. प्रोटीन चांगलं असतं त्यात, बरेच जण घालतात. मी अजून घातलेला नाही. मक्यातला स्टार्च निघून जातो आणि राहिलेल्या चोथ्यात बाकी सगळं जवळपास तिप्पट होतं, मग मक्यात बुरशीचं विष असेल तर ते पण तिप्पट. लॅबचा रिपोर्ट दाखवून कुणी माल देईल त्या दिवशी विचार करीन, तोवर माझं पोतं चार पैसे महाग राहिलं तरी चालेल.

पोत्यावर मी पहिल्या दिवसापासून सगळं छापते. मका किती, चुनी किती, पेंड कसली, मिसळलं कधी, युरिया नाही, आणि मेंढ्यांना घालू नका असं पण, कारण मिनरल मिक्श्चरमधलं तांबं शेळीला लागतं पण मेंढीला तेवढं सोसत नाही. लोक म्हणतात ताई असं सगळं लिहिलंत तर उद्या जो तो घरी बनवेल. बनवतातच की! आमच्या तीस-पस्तीस गिऱ्हाइकांनी घरी सुरू केलं, मी स्वतः त्यांच्या वहीत चौकोन काढून दिला. त्यातले बरेच जण आता मका आणि चुनी स्वतःची घेऊन येतात, आमच्याकडं नुसता भरडा काढून मिसळून नेतात आणि मिनरलची पिशवी विकत घेतात. पोती कमी खपतात पण मशीन रिकामी राहत नाही, आणि मागच्या दिवाळीला मुद्राचा शेवटचा हप्ता भरला.

आज शनिवार, तिघी जणी मका घेऊन येणार आहेत, त्यातल्या एकीच्या चार शेळ्या आहेत, तिचं एकूण वीसच किलो होईल. लाईट अकराला येणार म्हणे. तोवर चाळणी बदलून ठेवते, तिला करडांसाठी बारीक पाहिजे.