सिंगापूरला जाताय? आधी मामांचे खिसे तपासा

मामांच्या खिशातली तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी मुंबई विमानतळावरच सापडली, हे आमचं नशीब. चघळायची तंबाखू सिंगापुरात न्यायलाच बंदी आहे. थोडी असो, स्वतःपुरती असो, तरी नाही. गुटखा, खैनी, जर्दा, तपकीर हे सगळं १ ऑगस्ट २०१६ पासून बंद. आपल्याकडेही २०१२ पासून गुटखाबंदी आहेच, म्हणून मामांना वाटलं, "बंदी म्हणजे टपरीवाला मागच्या खोक्यातून काढून देतो ती ना?" ती नव्हे. पुडी विमानतळावरच्या कचरापेटीत गेली, डबी मात्र मामांनी रिकामी करून जवळ ठेवली. का, ते विचारू नका.

भावोजींचं प्रकरण वेगळं. ते सिगारेटवाले. निघताना ड्युटी फ्रीमधून अख्खा कार्टन घेणार होते, ताईने हात धरला. सिंगापुरात सिगारेटला ड्युटी फ्री सवलतच नाही, एका कांडीचीसुद्धा. उतरल्यावर कस्टम्सच्या लाल मार्गिकेत (कर लागणारं सामान असणाऱ्यांच्या) जायचं, पाकीट दाखवायचं, कर भरायचा. भावोजींकडे एक फोडलेलं पाकीट होतं. तेवढ्यासाठी कशाला, म्हणून ते दाखवण्यासारखं काही नसणाऱ्यांच्या हिरव्या मार्गिकेकडे वळत होते, त्यांना मागे ओढलं. कर भरण्यात दहा-पंधरा मिनिटं गेली. न सांगता पकडले गेलो असतो तर दंड बसला असता, आणि सहलीचा पहिला दिवस त्यातच गेला असता.

तिथे विकत घ्यायची म्हटलं तर पाकीट भलतंच महाग. दुकानात सिगारेट दिसत नाही, कारण २०१७ पासून ती मांडून ठेवायला मनाई आहे. नाव सांगितलं की दुकानदार बंद कपाट उघडतो. पाकीटही २०२० पासून सगळ्या कंपन्यांचं एकाच मळकट तपकिरी रंगाचं, वर सडलेल्या फुफ्फुसासारखी चित्रं. भावोजींनी त्यावर रुमाल गुंडाळला. वय २१ पूर्ण हवं, त्यामुळे एकोणीस वर्षांच्या भाच्याला दुकानात पाठवू नका.

आता ओढायची कुठे? पाच दिवस भावोजी जमिनीकडे बघत चालले. सिगारेट ओढायच्या जागेची पिवळ्या रेघांची चौकट दिसली की चेहरा खुलायचा. ऑर्चर्ड रोड या खरेदीच्या भागात २०१९ पासून फक्त ठरवून दिलेल्या जागीच ओढता येते, आणि ती जागा मुख्य रस्त्यावर नसते, इमारतीच्या मागे-बाजूला शोधावी लागते. बागांमध्ये २०२२ पासून बंदी. बसथांबा आणि इमारतीच्या दारापासून पाच मीटर लांब राहायचं. छताखालच्या पायवाटेवरही नाही, आणि तिथे पाऊस कधीही येतो! एकदा भिजत ओढताना भावोजी म्हणाले, "यापेक्षा सोडलेली बरी." रात्री हॉटेलखाली पुन्हा हजर. हॉटेलची खोली घेताना धूम्रपानाची खोली आहे का ते आधीच विचारून घ्या.

व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, अजिबात नेऊ नका. ते जवळ बाळगणंही गुन्हा आहे आणि सप्टेंबर २०२५ पासून कारवाई आणखी कडक झाली आहे.

खरे हाल मामांचे झाले. सिगारेटवाल्याला निदान चौकट आहे, तंबाखूवाल्याला काहीच नाही. च्युइंगमवरही १९९२ पासून बंदी, त्यामुळे नुसतं चघळायलाही काही नाही. शेवटी औषधाच्या दुकानात फार्मासिस्टने निकोटीनचा गम दिला, तो २००४ पासून मिळतो. मामांनी दोन गोळ्या चघळल्या, तोंड वाकडं केलं आणि लिटल इंडियातल्या खानावळीत बडीशेप मागून घेतली. तुमच्या घरात कोणी तंबाखू खाणारं असेल तर निघण्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांशी बोलून घ्या. विमानात बसल्यावर सांगून उपयोग नाही.

परत मुंबईत उतरलो. टॅक्सीत बसल्याबरोबर मामांनी रिकामी डबी उघडली आणि ड्रायव्हरला विचारलं, "दादा, चुना आहे का?"