दार कधी उघडतं, ते आधी ठरवा

आज पोरांनी लिहिलेल्या जादुई दुनियेच्या कादंबऱ्या वाचल्या. नागपूरच्या झिरो माईल खांबाजवळच्या चार दगडी-चुन्याच्या घोड्यांच्या पुतळ्यांमधून पलीकडच्या दुनियेत जायचं, ही कल्पना झकासच! पण दार हवं तेव्हा उघडलं की भीतीच संपते. संकट आलं की पोरगं घरी परत. म्हणून दाराला अट हवी अन् किंमतही: घोड्याची सावली खांबाला टेकली तरच वाट, अन् दर खेपेला एक आठवण पुसली जाणार. तिकडचा एक दिवस म्हणजे इकडची किती मिनिटं, हे नकाशाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. नाहीतर पाचव्या प्रकरणात आई जेवायला हाक मारते अन् सगळा हिशेब कोलमडतो. दोनच दुनिया बस झाल्या. सात केल्या की प्रत्येकीत नुसता राजा अन् राजवाडा उरतो. बोलणारा पोपट मात्र आता पुरे, बाप्पा!