भावंडांसकट नागपूर

शाळेची सहल डिसेंबरात नागपूरला जाऊन आली. सातवीच्या पाच मुली आल्या नाहीत. मी त्यांची वर्गशिक्षिका. पैशासाठी अडलं असेल असं समजून मी नंतर एकीच्या घरी गेले, तर पैशाचा विषयच निघाला नाही. "बाबूले कोण पाहीन जी मॅडम?" एवढंच ती म्हणाली आणि दोन वर्षांच्या भावाला तिने या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातलं, समुद्रपूर तालुक्यातलं. जिकडे पाहाल तिकडे पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची वावरातली पूजा, झाली की वेचणी लागते आणि घरोघरच्या बाया सकाळीच वावरात निघतात. वेचाई किलोवर मिळते, लेकरू पोटाशी बांधून वेचलं तर टोपलं भरत नाही. अंगणवाडी दुपारी सुटते, माय अंधार पडता पडता येते. मधले सगळे तास घरातल्या मोठ्या मुलीचे. मोठ्या मुलाचे नाहीत, हेही लिहायला हवं. त्या रात्री हजेरीपट काढून बसले. ऑक्टोबरपासून त्याच पाच नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा, सगळ्या माझ्याच हातच्या. रोज एकेक करत गेले होते, पाचही ओळी एकत्र कधी पाहिल्या नव्हत्या.

३ जानेवारीला बालिका दिन झाला. या पाचांतलीच एक वर्गाची मॉनिटर होती, तिने सावित्रीबाईंवर भाषण केलं. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा कशी सुरू झाली, अंगावर शेण झेलत सावित्रीबाई शिकवायला कशा जायच्या, सगळं खणखणीत आवाजात. आणि भाषण संपेपर्यंत धाकटी बहीण तिच्या फ्रॉकचं टोक धरून शेजारी उभी. टाळ्या वाजल्या. मी वाजवल्या नाहीत, कारण माझं मन भलतीकडेच गेलं होतं. येत्या रविवारी या पाच जणींना न्यायचं, भावंडांसकट.

शाळेच्या सहलीत पटावर नसलेलं मूल चालत नाही, म्हणून ही शाळेची सहल नव्हती. आईवडिलांकडून लेखी परवानगी घेतली, भाडं आम्ही शिक्षकांनी वाटून घेतलं, सतरा सिटांची ट्रॅव्हलर ठरवली. अंगणवाडीच्या ताई सुट्टीच्या दिवशी आपणहून आल्या. एकीची आजी आली. पाच मुली आणि सात भावंडं. सगळ्यांत लहान तो बाबू, सगळ्यांत मोठा आठ वर्षांचा. मुलींची नावं लिहीत नाही, त्या अजून शिकताहेत.

जाम, बुटीबोरी करत खापरीला पोचलो आणि गाडी तिथेच ठेवून मेट्रोत बसलो. खापरीला मेट्रो जमिनीवरूनच धावते, पुढे हळूहळू वर चढते. जमीन खाली जायला लागली तशी बारकी पोरं खिडकीला चिकटली. वर्धा रोडवर तर खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि त्याच्यावर आपण. या दुमजली पुलाची लांबी ३.१४ किलोमीटर, गिनीज बुकात नोंद आहे, असं मी सांगितलं मात्र, मॉनिटर ओरडली, "मॅडम, बावीस सप्तमांश!" डब्यातले दोन-चार प्रवासी वळून बघायला लागले. वर्तुळाचा धडा शिकवला त्या आठवड्यात ती तीन दिवस घरी होती. मग हे तिला कुठून आलं? विचारलं तर म्हणाली, बहीण झोपली की पुस्तक वाचते.

राहाटे कॉलनीला उतरून दीक्षाभूमी. इथे मी गप्प राहिले, आजी बोलत होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिचे वडील हिंगणघाटहून रेल्वेत बसून आले होते. "इथं उभे होते माहे बाबा, पांढरे कपडे घालून. लाखो माणूस होतं." स्तूप आतून पोकळ आहे, १२० फूट उंच. आत शिरताच पोरांचे आवाज आपोआप खाली आले. मध्ये बाबासाहेबांच्या अस्थी आहेत, आजीने तिथे डोकं टेकवलं. पाठोपाठ सातही भावंडांनी रांगेने टेकवलं, बाबूने दोनदा. बाहेर बोधिवृक्षाखाली आजीने डबा सोडला. पोळ्या, आलूची भाजी, ठेचा. हा वृक्ष श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या बोधिवृक्षाच्या फांदीपासून वाढवलेला, हे मी सांगितलं. पण आजीच्या वडिलांच्या गोष्टीपुढे ते मुलींना फिकंच वाटलं असावं, आणि ते बरोबरच आहे.

सीताबर्डीला मेट्रो बदलून पुढचं स्टेशन कॉटन मार्केट. पाटी वाचून आठ वर्षांचा विचारतो, "मॅडम, आपला कापूस इथं येते का?" आता इथे भाजीबाजार भरतो म्हटलं, तर त्याला ते फार लागलं. स्टेशनातून बाहेर पडेपर्यंत तो सारखा मागे वळून पाटी बघत होता.

तिथून ऑटोने रमण विज्ञान केंद्र, गांधीसागर तलावाजवळ. ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते इथे घडलं.

आत गेलं की कळ दाबा, चाक फिरवा, दोरी ओढा, सगळं हात लावून बघायचं. इतर मुली तुटून पडल्या. बाबूची बहीण मात्र प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या रांगेत. दुसऱ्यांनी दाबलेली कळ बघायची आणि पुढे जायचं. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की तिने कशालाच हात लावलेला नाही. लावणार कुठून? एक हात बाबूखाली, दुसऱ्यात त्याची पाण्याची बाटली आणि चपला.

मी बाबूला मागितलं. "राहू द्या जी, तो रडते." ताईंनी तरी घेतला आणि तो रडलाच, चांगला मोठ्याने. त्या त्याला बाहेरच्या डायनासोरांकडे घेऊन गेल्या. रडणं लांब लांब जात बंद झालं. मुलगी तिथेच उभी होती. कडेवर कोणी नव्हतं तरी एका बाजूला कलून, डावा हात पोटापाशी तसाच वाकलेला. मी तिच्या हातातली बाटली आणि चपलाही घेतल्या.

मग तिने पहिली कळ दाबली.

ती पुन्हा दालनाच्या दारापाशी गेली आणि पहिल्या मांडणीपासून सुरुवात केली. पाटी वाचायची, करून बघायचं, पुन्हा करायचं. कुठलीही सोडली नाही. माझ्याकडे प्रश्न घेऊन येत होती: आरसा आत वाकला की चेहरा उलटा का दिसतो, बाहेर वाकला की बारका का? दोनाचं उत्तर मला देता आलं, तिसऱ्यासाठी तिथल्या कर्मचाऱ्याला बोलावलं. या मुलीच्या प्रगतिपुस्तकात पहिल्या सत्राला मी लिहिलं आहे, "वर्गात प्रश्न विचारत नाही." वर्गात ती यायची तेव्हा बरेचदा बाबू मांडीवर असायचा. तो झोपलेला असला तर ती हलायचीसुद्धा नाही. मला ते दिसत होतं, आणि तरी मी तो शेरा लिहिला.

ताई बाबूला घेऊन बाहेरच थांबल्या, म्हणून तारांगणातही ती मोकळी बसली. घुमटावर सप्तर्षी उमटले तशी अंधारात कुजबुजली, "आजी याले बाज म्हणते. अन् हे तीन चोर." बाहेर आल्याबरोबर बाबूकडे धावली. तो ताईंच्या खांद्यावर गाढ झोपलेला. तिने त्याला घेतलं नाही, पाय तेवढे पदराखाली झाकले.

परतीच्या वाटेवर सीताबर्डीला एक मूल कमी भरलं. दर ठिकाणी मॉनिटर मोजत होती, बाराचे अकरा झाले. माझ्या छातीत धस्स झालं. मी कोणाला सांगायचं, कुठे धावायचं याचाच विचार करत होते, तोवर दोघींनी सगळ्या बारक्यांना भिंतीला टेकवून खाली बसवलं, समोर मॉनिटर उभी राहिली, आणि हरवलेल्या पाच वर्षांच्या भावाची बहीण सरळ मागे निघाली. सरकत्या जिन्याकडे. मी तिच्या मागे धावले. तो खालच्या पायरीपाशी उकिडवा बसून पायऱ्या जमिनीतून कुठून निघतात ते बघत होता. शेजारी सुरक्षारक्षक उभा होताच. "तुले कसं कळलं?" मी विचारलं. "सकाळपासून तो तेच इचारून राह्यला होता," ती म्हणाली. सकाळपासून मी त्याच्याशी बोलत होते आणि मला तो प्रश्न ऐकूही आला नव्हता.

शेवटी झिरो माईल. दिवस कलला होता. ब्रिटिशांच्या काळातल्या भूमापनाचा हा वालुकाश्माचा खांब आणि शेजारी चार घोड्यांचे पुतळे. मुली खांबावरच्या गावांची नावं शोधत होत्या. मैलांत अंतरं दिलेली आहेत. आमचं हिंगणघाट सापडलं नाही, चांदा सापडलं. आजी अजून चंद्रपूरला चांदाच म्हणते, तिला ते वाचून दाखवलं. बाबू नुकता जागा झाला होता. घोडे बघून तो जो काही खूश झाला! "घोला, घोला" करत ताईंच्या हातातून निसटायला बघत होता.

रात्री गावात पोचलो तेव्हा चौकात मुलींच्या माया टॉर्च घेऊन उभ्या होत्या. बाबूच्या मायने बाबूला घेतलं, मग मुलीकडे बघून म्हणाली, "जेवली का तू?" मुलगी घरी जाईपर्यंत आरशांबद्दल बोलत होती. मला वळणापर्यंत ऐकू येत होतं.

ताईंनी आता वेचणीच्या दिवसांत अंगणवाडी सुटल्यावर तीन लेकरं आपल्या घरी ठेवायला सुरुवात केली आहे, आपल्या मनाने. बाकीच्यांचं अजून जमलेलं नाही. त्यासाठी ग्रामसभेत दोनदा बोलले, पुन्हा बोलणार आहे.

यंदाही मी जानेवारीतल्या एका रविवारची यादी काढली आहे. त्यात एक रकाना वाढवला, "सोबत येणारं भावंड". कागद वर्गात फिरून आला. बाबूची बहीण आता आठवीत दुसऱ्या गावच्या शाळेत जाते. तरी तळाशी तिच्या अक्षरात एक ओळ होती: "भाऊ, वय ३. त्याले घोडे पुन्हा दाखवायचे आहेत. मी येईन."