खांब

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी 'शाळेबद्दल दीड पान लिहून द्या' असा निरोप आला तेव्हा बँकेत मार्चअखेरची धावपळ चालू होती. दुसऱ्या कुणाला सरळ नाही म्हटलं असतं. लिहायला बसले आणि दुसऱ्याच ओळीत सर आले. कोणते सर, हे आपल्या शाळेत सांगायला नको. भूगोलाचे म्हणा, खो-खोचे म्हणा, एकच. बाकीच्या गुरुजनांवर कुणी ना कुणी लिहिलंच असेल, त्यांनी रागावू नये.

सर दुष्काळी माणदेशातले. मैदानावर पाणी मारताना बादल्या मोजायचे. नकाशाचं 'प्रमाण' वर्गात कुणाला कळेना, तर सगळ्यांना मैदानावर नेऊन २९ मीटर लांब, १६ मीटर रुंद मैदान दोरीने मोजायला लावलं आणि तेच वहीत २९ सेंटिमीटरचं काढायला सांगितलं. ते वहीच्या पानात मावेना. "मग आता प्रमाण बदला," म्हणाले. झाला धडा.

मी हाफपँट घालून खेळणं आमच्या दादांना मान्य नव्हतं. सर घरी आले. तासभर पाऊस आणि ज्वारी यांवरच बोलले, दोन वेळा चहा घेतला आणि चपला घालताना म्हणाले, "उद्या सकाळी साडेसहाला पाठवा." ते गेल्यावर दादा आईला म्हणाले, "हे विचारायला आले होते का सांगायला?"

१९८६, मी आठवीत. पळतीवर, म्हणजे बाद न होता पळायची पाळी असताना, मैदानाच्या टाकीकडच्या टोकाच्या खांबाला हात घालून वळले आणि तळहातात लाकडाची लांबलचक कूस गेली. सरांनी शिवणाच्या बाईंकडून सुई आणली, चष्मा कपाळावर चढवला आणि माझा हात नाकाजवळ धरला. "रडायचंय? रड. हात मात्र हलवू नको."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ऑफ तासाला आम्ही वर्गाच्या खिडकीतून बघतोय, तर सर भर उन्हात खांबापाशी बसून फुटक्या काचेने खांब तासतायत. मग पॉलिश पेपर, मग जवसाचं तेल. शेवटी सदऱ्याची बाही वर करून हाताची आतली बाजू खांबावर वरून खाली फिरवली. तळहात का नाही, असं मी नंतर विचारलं. "तळहात निबर असतो, त्याला काही कळत नाही." खांब गुळगुळीत हवा, कड धारदार नको, हे नियमातच आहे, पण नियमासाठी कुणी भर दुपारी असं बसत नाही. पुढे दर ऑगस्टला, स्पर्धा सुरू व्हायच्या आधी, दोन्ही खांबांचं हे चालायचं.

पुढच्या वर्षी साताऱ्याला जिल्ह्याची फायनल. गुण सारखे, अलाहिदा म्हणजे जादा डावातही सारखे, आणि लघुत्तम आक्रमणात, म्हणजे पहिला गडी कोण कमी वेळात बाद करतं त्यात, आम्ही काही सेकंदांनी हरलो. येताना एसटीत सगळ्या जणी गप्प. सर सीटजवळ येत आणि एवढंच म्हणत, "हात बघू." बाराही जणींचे हात बघितले. मग भज्यांचा पुडा फिरला.

आज मी शाखाधिकारी आहे. नोकरी क्रीडा कोट्यातून लागली, म्हणजे ती सरांचीच. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाच्या दोन्ही फायनल झाल्या. मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, मग मुलांनीही नेपाळलाच. प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. घरची मंडळी टाळ्या वाजवत होती आणि मी टीव्हीवर खांब बघत होते. मॅटवरचा खेळ वेगवान आहे, छान आहे, पण गुडघ्याला माती लागत नाही. सर हे बघायला हवे होते.

दिवाळीत शाळेत गेले होते. मैदानाच्या अर्ध्या भागात पेव्हर ब्लॉक आलेत, गाड्या लागतात. शाळेची गरज असेल, मला बोलायचा अधिकार नाही. तरी बोलते, वाईट वाटलं. टाकीकडचा खांब मात्र उभा आहे, त्याला सायकली टेकवतात. शिपाईमामा बघत होते, तरी मी बाही वर केली आणि हाताची आतली बाजू वरून खाली फिरवली.

कूस गेलीच. घरी येऊन सुई शोधली आणि चष्मा कपाळावर चढवला.